जप्त जोडसायकल सोडून देण्याबाबत सातवा अर्ज

प्रति,
मा. क्रीडा अधिकारी,
क्रीडा कार्यालय (स्पर्धा शाखा),
दुसरा मजला, जिन्याशेजारी.

अर्जदार : छाती क्रमांक ११४७, दहा किलोमीटर धावण्याची शर्यत, हौस गट. वय ५१. व्यवसाय : फिटर, पंप दुरुस्ती कारखाना.

दिनांक : २३ मे

विषय : मी पायी धावत असताना माझ्या क्रमांकावर पहिली आलेली सायकल परत मिळण्याबाबत.

संदर्भ :
१) आपले अभिनंदनपत्र, दि. २५ फेब्रुवारी.
२) आपली कारणे दाखवा नोटीस, दि. २५ फेब्रुवारी (तोच दिवस, तोच शिपाई).
३) जप्तीची पावती, दि. ३ मार्च.
४) माझे यापूर्वीचे सहा अर्ज.

महोदय,

याआधीच्या सहाही अर्जांची सुरुवात मी ‘सविनय सादर करतो की’ अशी केली होती. विनय अजून थोडा शिल्लक आहे, तो शेवटी लागणार असल्याने राखून ठेवला आहे. तेव्हा थेट मुद्द्यावर येतो.

१. मी सायकलवाला माणूस आहे. सव्वीस वर्षे सायकलच्या शर्यती करतो आणि गेली नऊ वर्षे आमच्या सायकल मंडळाचा वेळ नोंदवणारा पंच आहे. म्हणजे कोण किती वेळात आला ते लिहून खाली सही करणे हे माझेच काम. धावण्याशी माझा संबंध बस पकडण्यापुरताही आला नव्हता, कारण सायकल असलेल्या माणसाला बस पकडावी लागत नाही. आपल्या शर्यतीत मी उतरलो तो माझ्या थोरल्या भावामुळे. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. जेवताना मी कुठल्याशा चढावाच्या बढाया मारत होतो, तेव्हा तो म्हणाला, “बसल्या जागी पाय हलवतोस आणि वर घाम पुसत फिरतोस! एकदा खाली उतरून धावून दाखव, मग बोल.” यावर माझी पत्नी हसली. दादाचे बोलणे एक वेळ सोडून दिले असते, पण तिचे ते हसणे मला झोंबले आणि दुसऱ्या दिवशी मी आपला फॉर्म भरला. त्यात ‘सहभागाचा उद्देश’ या रकान्यात मी ‘गंमत’ असे लिहिले. आपल्या नोटिशीत त्या शब्दाखाली लाल रेघ मारून ‘हेतू संशयास्पद’ असा शेरा आहे. गंमत करणे संशयास्पद असेल तर हौस गट काढलाच कशाला, हे मला आजतागायत समजलेले नाही.

२. शर्यतीच्या आदल्या दिवशी आपल्याकडून पाकीट मिळाले. आत कापडी क्रमांक, चार टाचण्या, बटणाएवढी टायमिंग चिप आणि एक चिठ्ठी होती : ‘चिप घट्ट बांधावी.’ कुठे बांधावी ते लिहिले नव्हते. धावणाऱ्याला ते सांगावे लागत नाही, तो ती बुटाच्या नाडीत ओवतो. सायकलवाल्यालाही सांगावे लागत नाही, तो ती पुढच्या चाकाच्या चिमट्याला बांधतो, कारण सायकलच्या शर्यतीत रेषा ओलांडते ते चाक. मी त्या संध्याकाळी दारात बसून सायकलच्या चेनला तेल देत होतो. पाकीट शेजारी होते. चिप घेतली, चिमट्याला लावली, तारेचे तीन वेढे दिले, कुणाच्या पायाला टोचू नये म्हणून तारेचे टोक आत वळवले आणि हात पुसले. सव्वीस वर्षांची सवय. हात आपले काम करून मोकळे झाले, डोक्याला कुणी विचारलेच नाही. ही चूक आहे, ती संपूर्ण माझी आहे, आणि पहिल्याच अर्जात मी ती कबूल केलेली आहे. पण मूर्खपणा आणि लबाडी यांत फरक आहे, साहेब. मूर्खपणाबद्दल जी शिक्षा असेल ती मी आनंदाने भोगीन.

३. ही सायकल दोन जणांची आहे, हे येथे नमूद करतो. दोन सीट, दोन हँडल, पायडलच्या दोन जोड्या. पुढे मी बसतो, मागे दादा. दादाची दृष्टी अकरा वर्षांपूर्वी गेली.

४. दि. २३ फेब्रुवारी रोजी सकाळी मी आणि दादा जोडसायकलवरून शर्यतीच्या ठिकाणी आलो. पत्नी मागून चालत आली. साडेसहाला शिट्टी झाली आणि मी बाराशे लोकांबरोबर धावत सुटलो. कसा धावलो हे नोटिशीत विचारले आहे, म्हणून लाज सोडून सांगतो. पहिला उतार लागला आणि माझे पाय आपोआप थांबले. सायकलवर उतारात पाय थांबवले तरी माणूस पुढे जातो; जमिनीवर तसे होत नाही, मागचे लोक अंगावर येतात. पुढे उजवीकडे वळण आले तेव्हा मी नियमाप्रमाणे हात दाखवला, तो एका गृहस्थांच्या चष्म्याला लागला. त्यांनी मला जे सुनावले ते अर्जात लिहिण्यासारखे नाही. चौथ्या किलोमीटरला समोर गर्दी झाली आणि मी घंटी वाजवायला अंगठा पुढे केला. अशा माणसाने दहा किलोमीटर एकोणीस मिनिटांत पार केले, असे आपल्या यंत्राचे म्हणणे आहे. जगातला कुणीही मनुष्य आजवर इतक्या वेळात दहा किलोमीटर धावलेला नाही. मी तर सातव्या किलोमीटरला पोटरी धरून रस्त्याच्या कडेला बसलो होतो.

५. आता यंत्राला काय झाले ते. सगळे धावपटू निघून गेल्यावर पत्नीच्या लक्षात आले की माझा टॉवेल आणि सुका शर्ट घरीच राहिला. घर रस्त्याच्या पलीकडच्या अंगाला, आणि रस्ता दोन्ही बाजूंनी दोर बांधून बंद. मोकळी जागा एकच, ती म्हणजे आपली सुरुवातीची कमान. तिथल्या शिट्टीवाल्या स्वयंसेवकाने तिला स्वतः सांगितले, “ताई, सगळे गेलेत, इथूनच काढा सायकल, पण झटकन.” तिने दादाला मागे बसवले आणि कमानीखालून सायकल काढली. खालच्या यंत्राने लिहिले : ११४७ निघाला. घरी जाऊन टॉवेल घेऊन ती दोघे त्याच वाटेने परत आली, आणि आपली सुरुवात व शेवट एकाच कमानीत होता. यंत्राने लिहिले : ११४७ पोहोचला, वेळ एकोणीस मिनिटे चाळीस सेकंद. लाउडस्पीकरवाल्याने माझा क्रमांक पुकारून टाळ्या मागितल्या. लोकांनी वाजवल्या. माझ्या पत्नीनेही वाजवल्या, कारण क्रमांक घरचाच होता. दादा तेवढा म्हणाला, “काहीतरी घोटाळा आहे गं. तो अजून पहिल्या चढावावर कण्हत असेल.” आपल्या एवढ्या मोठ्या मांडवात त्या दिवशी अक्कल शाबूत असलेला तो एकटाच होता.

६. मी प्रत्यक्षात एक तास सदतीस मिनिटांनी आलो. कमानीखालचे यंत्र माझ्यासाठी वाजले नाही. दोराजवळ दादा उभा होता आणि मी पन्नास पावलांवर असतानाच तो ओरडायला लागला, “आला, आला! उजवा पाय घासतोय बघ!” मी त्याच्या गळ्यात पडलो. त्याने माझ्या घामेजल्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, “मानलं बाबा तुला. खरंच धावलास.” सायकलच्या इतक्या शर्यती मी केल्या, त्यांतल्या एकीनंतरही दादा असे म्हणालेला नव्हता. हे प्रकरणाशी संबंधित नाही असे आपले कारकून म्हणतील, पण मला ते लिहायचे आहे.

७. दोन दिवसांनी आपली दोन पत्रे आली. एकात मी हौस गटात पहिला आल्याबद्दल अभिनंदन आणि निवड शिबिरास जन्मदाखल्यासह हजर राहण्याची सूचना. दुसऱ्यात मी वाहन वापरून फसवणूक केल्याबद्दल कारणे दाखवा. दोन्हींवर आपलीच सही. चौकशी केली तेव्हा कळले की निकाल टेबल खिडकीकडे आहे आणि तक्रार टेबल दाराकडे, आणि दोन्ही टेबलांमध्ये एक कपाट आहे. कपाटाला वळसा घालून एकाने दुसऱ्याला विचारावे असे मी सुचवले. दोघेही मला म्हणाले की ते पत्रव्यवहारानेच होते. खरे पहिले आलेले गृहस्थ लिफ्ट दुरुस्त करतात. ते बिचारे चव्वेचाळीस मिनिटांत पळून आले आणि यादीत माझ्या खाली दुसरे लागले. त्यांनी हरकत घेतली, ती शंभर टक्के रास्त आहे. तिला पाठिंब्याचे पत्र मी स्वतः दिले. हरकत ज्याच्याविरुद्ध आहे त्याने पाठिंबा देण्याचा रकाना नसल्याने ते स्वीकारले गेले नाही. लिफ्टवाले आता माझे चांगले मित्र झाले आहेत, एवढाच या कार्यालयाचा मला झालेला फायदा.

८. दि. ३ मार्च रोजी, समोरासमोर दाखवले की कुणाच्याही लक्षात येईल अशा भाबड्या समजुतीने, मी आणि दादा ती सायकल घेऊन आपल्या कार्यालयात आलो. कुणी बोलावले नव्हते, आम्हीच आलो. चिमट्यावरची चिप दाखवली. तक्रार टेबलाचे कारकून खाली आले, वाकून पाहिले, मान डोलावली आणि म्हणाले, “बरोबर आहे तुमचं. स्पष्ट दिसतंय.” मला हायसे वाटले. मग ते म्हणाले, “म्हणजे हा पुरावा झाला. आता ही सोडता येणार नाही.” आणि पावती फाडली. घर तिथून सात किलोमीटर. दादाने माझा दंड धरला आणि आम्ही चालत निघालो. निम्मी वाट तो पावले मोजत चालला. मग म्हणाला, “खरं सांगायला दोघं आलो ते बरं झालं. एकटा असतास तर तुलाही ठेवून घेतलं असतं.” त्या दिवशी आम्ही दोघे हसलो होतो. हे चार दिवसांचे काम आहे असे आम्हाला वाटत होते.

९. त्यानंतरची हकिकत अशी. चौकशी पूर्ण व्हायला चिप तपासली पाहिजे. तपासायला ती सायकलवरून काढली पाहिजे. सायकल पुरावा असल्यामुळे तिच्यावरून काहीही काढणे हा पुराव्यात फेरफार. फेरफाराची परवानगी चौकशी पूर्ण झाल्यावर मिळते. मी म्हणालो, चिप काढू नका, अख्खी सायकलच यंत्राजवळ न्या. तर यंत्र भाड्याचे होते, ते परत गेले. मी म्हणालो, यंत्रवाल्यांना बोलवा. तर त्यांचे बिल अडले आहे ते माझ्याच प्रकरणामुळे, म्हणून ते येत नाहीत. हे सगळे मला आपले कारकून अतिशय सभ्यपणे, खुर्ची देऊन समजावतात. एखाद्याने एकदा वसकन अंगावर यावे असे हल्ली वाटते, म्हणजे मलाही ओरडता येईल.

१०. सातव्या किलोमीटरवरच्या प्रथमोपचार टेबलाशी बसलेल्या परिचारिकेने माझ्या पोटरीवर फवारा मारून वहीत लिहिले होते : ‘११४७, पोटरीत गोळा, ७ वाजून ३६ मिनिटे, बडबड फार करतो.’ यंत्राप्रमाणे मी त्याआधी पाऊण तास शर्यत संपवून बसलो होतो. यापेक्षा धडधडीत पुरावा कोणता हवा? पण वही आरोग्य खात्याची, आणि तिची प्रत योग्य मार्गाने यायला हवी. मी ती दोन चपला झिजवून आणली, तर मी स्वतः आणली म्हणून तो योग्य मार्ग नव्हे. दुसरी गोष्ट याहून वाईट आहे. सायकल चालवल्याबद्दल पत्नीला नोटीस निघालीच होती; आपल्या कार्यालयाने दादालाही सायकलवरील दुसरी व्यक्ती म्हणून नोटीस काढली आणि त्यात लिहिले : ‘आपण प्रत्यक्ष डोळ्यांनी काय पाहिले ते सात दिवसांत लेखी कळवावे.’ पत्नीने ते वाचून दाखवले. दादा शांतपणे म्हणाला, “लिही. मी काहीही पाहिलेले नाही. माझा भाऊ पायी धावत आला ते मी ऐकले.” यावर आपला शेरा आला : ‘साक्षीदार सहकार्य करत नाही.’ तो शेरा आम्ही त्याला वाचून दाखवायला नको होता. त्याने दोनदा वाचायला लावला.

११. सायकलची हालत सांगतो. ती साडेसात फूट लांब असल्याने आपल्या भांडारात मावत नाही. भांडारपालांनी तिची नोंद ‘सायकल, नग १, आकार चुकीचा’ अशी केली आहे. मागच्या हँडलवर जाळ्या वाळत घालतात आणि दादाच्या सीटवर चुन्याचा डबा ठेवलेला मी स्वतः पाहिला. दोन्ही टायर हवा जाऊन सपाट झाले आहेत. असे महिनोन्‌महिने राहिले तर टायरच्या कडा चिरतात, म्हणून मी पंप घेऊन गेलो. भांडारपाल म्हणाले, “हवा भरता येणार नाही. जप्त केली तेव्हा जितकी हवा होती तितकीच राहायला पाहिजे.” मी म्हणालो, “ती राहिली नाहीये, म्हणूनच तर भरायला आलोय.” ते म्हणाले, “ती आपोआप गेली. तुम्ही भराल ती मुद्दाम.” मी पंप घेऊन जिना उतरलो. कारखान्यात दिवसभरात तीन नट मी चुकीच्या आट्यांवर पिळले. वीस वर्षांत असे झाले नव्हते.

१२. ही सायकल एवढी कशासाठी हवी, दुसरी घ्या, असे मला आपल्याकडे तीन वेळा सुचवण्यात आले. ती विकत मिळत नाही. दादा छापखान्यात जुळारी होता, अक्षरे जुळवून चाळीस माणसांच्या पोटापाण्याची कामे वेळेवर काढणारा. दृष्टी गेली आणि तो खोलीचे दार ओढून आत बसला. दोन वर्षे. कुणी गेले की म्हणायचा, ठीक आहे, दार लावून घ्या जाताना. आम्ही सगळे उपाय करून हात टेकले. शेवटी मी माझी सायकल मधोमध कापली, त्याची जुनी सायकल मधोमध कापली, आणि माझा पुढचा भाग त्याच्या मागच्या भागाला जोडला. मागची सीट, मागचे चाक, मागचे पायडल ही त्याचीच आहेत, तरुणपणी कामावर न्यायचा ती. त्याने हाताने चाचपून सीट ओळखली आणि विचारले, “ही माझी कापलीस का रे मेल्या?” मग बसला. त्या दिवसापासून नऊ वर्षे एक रविवार चुकला नाही. रस्ता तो खड्ड्यांवरून ओळखतो. मागून मला सांगतो, “आता पाव भाजतायत तो कोपरा येईल, हळू घे.” चढावावर मी दमलो की मागून जोर लागतो आणि शिव्याही येतात. सायकल जप्त झाल्यापासून अकरा रविवार गेले. पहिले चार रविवार तो पहाटे बूट घालून बसला होता, न जाणो मी घेऊन आलो तर. पाचव्या रविवारी बूट घातले नाहीत. आता त्याने पुन्हा दार ओढून घेतले आहे. जेवायला येतो, ठीक आहे म्हणतो आणि आत जातो. मला भीती वाटते, साहेब. पहिल्या वेळी तो सेहेचाळीस वर्षांचा होता, आता सत्तावन्न आहे, आणि माझ्याकडे कापायला तिसरी सायकल नाही.

१३. आपल्या भांडाराचा नियम मला सहाव्या अर्जानंतर दाखवण्यात आला. जप्त वस्तू नव्वद दिवसांत प्रकरण निकाली न निघाल्यास भंगारात काढावी. नव्वदावा दिवस १ जून. म्हणजे हातात नऊ दिवस आहेत. चुकीच्या आकाराची असल्यामुळे तिला कापून दोन तुकड्यांत द्यावे लागेल, असे भांडारपाल म्हणाले. मी तिथल्या बाकावर बसलो. तेव्हा तक्रार टेबलाच्या कारकुनांनी मला पाणी दिले आणि खालच्या आवाजात तेच सांगितले जे त्यांनी मार्चमध्येही सांगितले होते : “अहो, तुम्ही ‘नाकबूल’ लिहिलंय म्हणून हे सगळं. ‘कबूल’ लिहा. चौकशीच लागत नाही. प्रकरण त्याच दिवशी बंद आणि सायकल सहीवर हातात.” मार्चमध्ये मी त्यांच्यावर उखडलो होतो. चोरी न करता चोर व्हायचे? नऊ वर्षे लोकांच्या वेळा खऱ्या लिहिणाऱ्या माणसाने स्वतःची खोटी लिहायची? घरी जाऊन दादाला सांगितले, तर तो माझ्याहून भडकला. म्हणाला, “खोटं लिहून आणलेल्या सायकलवर मी पाय ठेवणार नाही. तू धावलायस. मी ऐकलंय.” येणाऱ्याजाणाऱ्याला तो आजही एवढीच एक गोष्ट आपणहून सांगतो, की माझा भाऊ दहा किलोमीटर धावला.

१४. वरील सर्व मुद्दे खरे आहेत. ते एकदा पूर्ण लिहून काढावेत आणि कुणीतरी ते पूर्ण वाचावेत अशी इच्छा होती, म्हणून लिहिले. आता कृपया परिच्छेद १ ते १३ या अर्जापासून वेगळे करून आपल्याला योग्य वाटेल तसे नष्ट करावेत, कारण सोबत जोडलेल्या कबुलीजबाबाशी ते जुळत नाहीत.

१५. मी कबूल करतो की दि. २३ फेब्रुवारीच्या शर्यतीत मी जाणूनबुजून सायकल वापरली. सायकल मी एकट्याने चालवली. माझी पत्नी व माझा भाऊ यांचा यात काहीही संबंध नाही, त्यांना काढलेल्या नोटिसा मागे घ्याव्यात. पहिला क्रमांक लिफ्टवाल्या गृहस्थांना द्यावा. सर्व मैदानी व सायकल स्पर्धांतून कायमची बंदी मला मान्य आहे. सायकल मंडळाच्या पंचपदाचा राजीनामा मी आजच दिला आहे, कारण वेळेत लबाडी केलेल्या माणसाने दुसऱ्याची वेळ लिहू नये, हा नियम आमच्या मंडळात मीच आणला होता. माझे नाव एक वर्ष आपल्या नोटीस बोर्डावर लावण्यास हरकत नाही.

राखून ठेवलेला विनय आता वापरतो. हात जोडून विनंती करतो की प्रकरण निकाली काढून १ जूनपूर्वी सायकल माझ्या ताब्यात द्यावी. ती अखंड असावी. हवा मी रस्त्यावर नेऊन भरीन, आपल्या आवारात भरणार नाही.

आपला, आता कशालाच ना नसलेला,

(सही)
फिटर, पंप दुरुस्ती कारखाना
छाती क्रमांक ११४७

सोबत :
१) कबुलीजबाब, तीन प्रती, प्रत्येक पानावर सही.
२) जप्तीच्या पावतीची प्रत.
३) पंचपदाच्या राजीनाम्याची प्रत.
४) निवड शिबिराचे आपले पत्र, सादर परत.

ता. क. : या अर्जाचे उत्तर कृपया घरच्या पत्त्यावर पाठवू नये, कारखान्याच्या फाटकावर माझ्याकडे द्यावे. घरी आलेले प्रत्येक पत्र माझी पत्नी दादाला मोठ्याने वाचून दाखवते. सायकल खरेपणाने सुटली असे मी त्याला सांगणार आहे. नोटीस बोर्डाची मला काळजी नाही. तो त्याला दिसणार नाही.